पाचगणीचा मुलगा आणि बुदोकानच्या मुली

दर ५ सप्टेंबरला एकच फोटो पाच-सहा ग्रुपांमधून फिरत माझ्या फोनवर येतो. पिवळं जाकीट, उंचावलेली मूठ, खाली मजकूर : ‘आपला पाचगणीचा फ्रेडी’. मी मूळची वाईची. पसरणीचा घाट चढला की पाचगणी, त्यामुळे मला तो जरा जास्तच येतो. फ्रेडी म्हणजे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, आणि ५ सप्टेंबर हा त्याचा वाढदिवस. माहिती खरी आहे. फारोख बलसारा नावाचा पारशी मुलगा आठ वर्षांचा असताना झांझिबारहून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात आला, तिथेच वाढला, ‘फ्रेडी’ हे नावही त्याला तिथेच मिळालं. पण ‘आपला’ हा शब्द वाचला की मला ओकायामातल्या एका कॉफीच्या दुकानातली संध्याकाळ आठवते, आणि तो मेसेज पुढे पाठवायला हात उचलत नाही.

पुण्यात जपानी शिकलेल्या कितीतरी जणांसारखी मीही दुभाषी म्हणून तिकडे गेले होते. एका कारखान्यात काम होतं. पुणेकरांना ओकायामा हे नाव परकं नाही. सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरूनच बेतलेली आहे. तर कामावरून परतताना वाटेत एक जुनं कॉफीचं दुकान लागायचं. मालकीणबाई पन्नाशीच्या. दुकानात येणारे सगळे त्यांना ‘मामा’ म्हणत. तिकडे अशा दुकानांच्या मालकिणीला तसंच म्हणतात. मला मामा म्हटलं की आईचा भाऊ डोळ्यांपुढे येतो, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना काकू करून टाकलं होतं.

भिंतीवर एलपींची वेष्टनं लावलेली होती. त्यांत क्वीनची पाच-सहा तरी असावीत. एकदा बोलता बोलता मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की फ्रेडी मर्क्युरी जिथे शिकला ती शाळा माझ्या गावापासून बारा-तेरा किलोमीटरवर आहे. काकूंनी हातातली किटली खाली ठेवली. डोळे चमकले त्यांचे. आणि लगेच विचारलं, “मग तुम्ही त्याचं सगळ्यात आधी काय ऐकलंत?”

मी क्वीनची दोन नावं घेतली, जी जगात कुणालाही माहीत असतात.

“त्याच्या आधीचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला खजील करायला त्यांनी विचारलं नव्हतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. शाळेजवळच्या लोकांनी त्याला कसं ऐकलं असेल, याची उत्सुकता होती. मी काहीच ऐकलेलं नव्हतं. मला फक्त पत्ता ठाऊक होता.

त्या पंधरा वर्षांच्या असताना, २८ एप्रिल १९७५ रोजी, क्वीन ओकायामात वाजवून गेले होते. सोमवार होता. दुसऱ्या दिवशी सम्राटांच्या वाढदिवसाची सुट्टी, एवढ्या एका आधारावर त्यांनी घरून परवानगी मिळवली होती. कार्यक्रम शहरातल्या क्रीडागृहात होता. एरवी जिथे मुलं बास्केटबॉल खेळायची तिथे धूर, दिवे आणि पांढरे, चुण्याचुण्यांचे, पंखांसारखे पसरणारे कपडे घातलेला एक माणूस. “मी घरी आले तेव्हा आवाज गेला होता,” काकू म्हणाल्या. “आईला वाटलं ताप आला. मी तीन दिवस कुजबुजत बोलत होते.”

१९७५ च्या एप्रिलमध्ये क्वीन कोण होते, हे इथे सांगायला हवं, नाहीतर त्या मुलींनी काय केलं ते कळणार नाही. बँडचं जगभर गाजलेलं सहा मिनिटांचं गाणं, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, अजून ध्वनिमुद्रितही झालेलं नव्हतं, ते त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर आलं. ‘शीअर हार्ट अटॅक’ ही तबकडी नोव्हेंबर १९७४ ची. तिने इंग्लंडात नाव झालं होतं, पण व्यवस्थापनाशी असलेल्या करारामुळे चौघांच्या हातात पैसा जवळजवळ नव्हता. अमेरिकेच्या दौऱ्यात फ्रेडीचा घसा बिघडला आणि काही कार्यक्रम रद्द करावे लागले. अशा थकलेल्या अवस्थेत १७ एप्रिलला ते तोक्योच्या हानेदा विमानतळावर उतरले, आणि समोर हजारो माणसं उभी. बहुतेक शाळकरी मुली. हातात त्यांची नावं लिहिलेले फलक, बाहुल्या, फुलं. आपल्याच विमानात दुसरं कुणी मोठं असावं असं त्या चौघांना वाटलं असलं तर नवल नाही, कारण असं स्वागत तोवर त्यांच्या स्वतःच्या देशातही झालं नव्हतं.

दोन दिवसांनी बुदोकान. १९६४ च्या ऑलिंपिकमधल्या ज्युदोसाठी बांधलेलं हे सभागृह. १९६६ मध्ये बीटल्स तिथे गाणार म्हटल्यावर, मर्दानी कलांच्या पवित्र जागेत हा गोंगाट कशाला, म्हणून निदर्शनं झाली होती. त्याच बुदोकानमध्ये क्वीनच्या पहिल्या कार्यक्रमात मुली स्टेजच्या दिशेने अशा लोटल्या, की फ्रेडीला गाणं थांबवून त्यांना शांत राहा, एकमेकींना सांभाळा, असं विनवावं लागलं. मग नागोया, कोबे, फुकुओका, ओकायामा, याइझू, योकोहामा, आणि १ मेला पुन्हा बुदोकान. दोन आठवड्यांत आठ कार्यक्रम. नुसत्या राजधानीला तोंड दाखवून परतणारा हा दौरा नव्हता. याइझू हे मासेमारीचं बंदर आहे, तिथेही ते गेले.

हे घडवण्यात ‘म्युझिक लाइफ’ या मासिकाचा मोठा वाटा होता, आणि त्या मासिकात बायकांचा. १९६५ मध्ये लंडनला जाऊन, किमोनो नेसून, बीटल्सची मुलाखत घेणाऱ्या होशिका रुमिको या त्याच मासिकाच्या. क्वीनसाठी धडपडलेल्या तोगो काओरुको तेव्हा तिथल्या तरुण संपादिका होत्या, पुढे मुख्य संपादक झाल्या. पानं भरभरून रंगीत फोटो, चौघांच्या आवडीनिवडी, वाचकांचा कौल. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी : मुलींचा पहिला लाडका फ्रेडी नव्हता. तो मान बँडमधल्या सोनेरी केसांच्या ड्रमवादकाचा, रॉजर टेलरचा. काकूही आधी रॉजरच्याच होत्या. “फ्रेडी आवडायला मला वेळ लागला,” त्या म्हणाल्या. “पण मग रॉजर मागे पडला तो पडलाच.”

माझ्या पोस्टचं खरं कारण इथे आहे. त्या मुलींना तिकडे ‘मीहा’ म्हणून हिणवत. उथळ, फॅशनमागे धावणारी, चेहरा बघून गाणं आवडून घेणारी मुलगी, असा त्या शब्दाचा रोख. गंभीर रॉक ऐकणाऱ्या बाप्यांच्या लेखी क्वीन हा मीहांचा बँड होता, म्हणजे दखल न घेण्याजोगा. इकडे इंग्लंड-अमेरिकेतही समीक्षकांचा सूर फार वेगळा नव्हता. दिखाऊ, पोकळ, नाटकी. १९७९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी मासिकाच्या एका समीक्षकाने तर त्यांना फॅसिस्ट ठरवलं. आज त्या समीक्षेचं काय उरलं आणि त्या मुलींच्या पसंतीचं काय उरलं, हे बघा. पंधरा वर्षांच्या मुलींचे कान बरोबर होते. इतक्या स्पष्टपणे हे कुणी लिहीत नाही. ‘जपानने क्वीनला आधी ओळखलं’ असं लिहितात. देश कुणाला ओळखत नाही. मुलींनी ओळखलं.

मला हे एवढं लागतं, त्याला माझंही एक कारण आहे. मी पुण्यात कॉलेजला असताना एका कॅसेटच्या दुकानात इंग्रजी रॉकच्या फळीपुढे उभी होते. काउंटरवरच्या माणसाने मला न विचारताच सांगितलं, मुलींसाठीचं त्या बाजूला आहे, प्रेमगीतं वगैरे. बाजूला उभे असलेले दोन मुलगे हसले. मी निघून आले, आणि पुढे कित्येक वर्षं ते संगीत माझ्यासाठी नाहीच असं धरून चालले. काकूंनी ‘त्याच्या आधीचं?’ विचारल्यावर मी गप्प झाले, त्या गप्प होण्यात तो दिवसही होता.

मुलींनी ओळखलं ते कशाच्या बळावर? नुसत्या चेहऱ्यांच्या नाही. १९७५ ची जपानी शाळकरी मुलगी अडाणी प्रेक्षक नव्हती. ती जे वाचत होती, बघत होती, त्यात स्त्री आणि पुरुष यांच्या मधली जागा आधीपासून होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात पुरुषी गणवेशात वावरणारी नायिका असलेली ‘व्हर्सायचा गुलाब’ ही चित्रमालिका १९७२-७३ मध्ये मुलींच्या साप्ताहिकात आली, आणि १९७४ मध्ये ताकाराझुका या नाटकमंडळीच्या रंगमंचावर गेली. तिथे सगळ्या भूमिका बायकाच करतात, पुरुषांच्याही. त्याच सुमारास हागिओ मोतो यांच्यासारख्या लेखिका मुलींच्या मासिकांत नाजूक, देखण्या, दुःखी मुलग्यांच्या कथा रंगवत होत्या. या सगळ्याच्या मागे काबुकी हे जुनं जपानी नाट्य, जिथे पुरुष स्त्रीभूमिका करतात आणि ती जन्मभराची साधना मानली जाते. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. बालगंधर्वांच्या लुगड्याची, अंबाड्याची नक्कल घरंदाज बायका करत, त्याला फार पिढ्या झालेल्या नाहीत. तर अशा मुलींपुढे जेव्हा नखं काळी रंगवलेला, डोळ्यांत काजळ घातलेला, क्षणात राजा आणि क्षणात राणी होणारा गायक आला, तेव्हा त्यांना ‘हे काय भलतंच’ असं वाटलं नाही. त्यांच्याकडे त्याच्यासाठी जागा तयार होती. लंडनच्या पत्रकारांना जो नाटकीपणा वाटत होता, तो या मुलींच्या दृष्टीने कसब होतं.

आता फ्रेडीच्या बाजूने. जपानशी त्याचं नातं काय होतं, यावर हळवं होऊन लिहिणारे पुष्कळ आहेत. मला त्यात पडायचं नाही. तो जपानी शिकला नाही, तिथे राहिला नाही. आधी पाहुणा म्हणून गेला, मग पैसा आल्यावर खरेदीदार म्हणून. किमोनो, लाखकामाच्या पेट्या, चिनीमाती, लाकडी ठशांची जुनी चित्रं. परदेशी माणसाने पूर्वेकडच्या वस्तू घरात भरून ठेवणं यात नवीन काही नाही, आणि त्यावर टीकाही व्हावी. १९७० च्या दशकात तो मैफलीच्या शेवटी किमोनो घालून यायचा आणि स्टेजवरच तो उतरवून फेकायचा. मी हे काकूंना मुद्दाम विचारलं, तुम्हाला राग नाही आला? त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, “आमच्या आज्या किमोनो नेसत होत्या. आम्हाला तो जुनाट वाटायचा, लग्ना-बारशापुरता. त्याने घातला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, अरे, हे कापड सुंदर आहे.” हे एका बाईचं मत आहे. मी ते सगळ्या जपानच्या तोंडी घालणार नाही. पण मला ते पटलं.

आणि तो पुन्हा पुन्हा गेला. १९७५, ७६, ७९, ८१, ८२, ८५ असे बँडचे सहा दौरे. १९८१ च्या फेब्रुवारीत तर एकट्या बुदोकानमध्ये पाच रात्री. शेवटचा कार्यक्रम मे १९८५ मध्ये ओसाकाला. त्यानंतर १९८६ च्या शरदात तो पुन्हा गेला तेव्हा कार्यक्रम नव्हताच. नुसता फिरला, बघितलं, वस्तू निवडल्या. लंडनच्या गार्डन लॉज या घरामागे जपानी बाग होती, तळ्यात कोई मासे. त्याच्या संग्रहातलं हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं एक चित्र मला फार आवडतं : पुलावर अचानक आलेला पाऊस, छत्र्या आणि गवती इरली सावरत पळणारी माणसं. १८५७ चं चित्र. त्याची नक्कल पुढे व्हॅन गॉगने तेलरंगात केली होती. आपल्याकडे वळवाच्या सरीत सापडलेल्या कुणालाही ते बघताक्षणी कळेल. पाचगणीच्या टेबललँडवर भिजलेल्या मुलाने नेमका पावसाचाच ठसा भिंतीवर लावला, यात मी उगाच अर्थ शोधणार नाही. पण ते चित्र बघताना मला टेबललँड दिसतं, ते मी थांबवू शकत नाही. २०२३ मध्ये लंडनला त्याच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला तेव्हा ते चित्रही गेलं.

वस्तूंपेक्षा मला दोन गाणी महत्त्वाची वाटतात. पहिलं त्याचं नाही, बँडमधल्या गिटारवादकाचं, ब्रायन मेचं आहे. १९७६ च्या डिसेंबरमधल्या तबकडीचा शेवट ज्या गाण्याने होतो, ते त्यांनी जपानच्या चाहत्यांसाठी लिहिलं : ‘तेओ तोरियात्ते’, म्हणजे हातात हात घेऊन. दुभाषी म्हणून मला यातली एक गोष्ट फार भावते. जपानी ओळी चिका कुजिराओका या दुभाषी बाईंच्या मदतीने झाल्या. आम्हा दुभाष्यांचं नाव कुठे लागत नाही. इथे लागलं. आणि फ्रेडीने त्या ओळी नुसत्या तोंडपाठ करून ढकललेल्या नाहीत. उच्चार शंभर टक्के बरोबर नाहीत, पण स्वर लांबवताना जपानीत कुठे थांबायचं, कुठे नाही, हे त्याने कान देऊन ऐकलेलं आहे. परकी भाषा गाणारे बहुतेक लोक तिथेच घसरतात. दुसरं गाणं १९८८ चं, मोंसेरात कॅबाये या ऑपेरा गायिकेबरोबर केलेल्या तबकडीतलं ‘ला जापोनेज’. तेही अर्धं जपानीत. तोवर तो आजारी होता. दौरे संपले होते, तिकडे तिकिटं विकायची नव्हती, तरी तो त्या भाषेत पुन्हा गायला.

२०११ च्या मार्चमध्ये त्सुनामी आली तेव्हा मी ओकायामातच होते. आम्हाला धक्का लागला नाही, पण सगळं शहर टीव्हीपुढे बसून होतं. मदतनिधीसाठी जगभरच्या कलाकारांची गाणी एकत्र करून जो संग्रह निघाला, त्यात ‘तेओ तोरियात्ते’ होतं. काकूंनी मात्र आपली १९७६ ची जुनी तबकडीच लावली. दुकानात चार-पाच माणसं होती. शेवटच्या भागात त्या जपानी ओळी आल्या तेव्हा कोपऱ्यातले एक गृहस्थ, बँकेतले निवृत्त, हळू आवाजात म्हणू लागले. मग काकू. मला शब्द येत होते, पण मी म्हटले नाहीत. ते त्यांचं होतं.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेडीवरचा चित्रपट जपानमध्ये लागला. मी तोवर पुण्यात परतले होते. त्याने तिथे १३०० कोटी येनहून जास्त कमाई केली. थिएटरमध्ये उभं राहून मोठ्याने गाता येईल, टाळ्या वाजवता येतील असे खास खेळ लावले होते. काकू तीन वेळा गेल्या, एकदा मुलीला घेऊन. साठीला आलेल्या कितीतरी बायका तिथे होत्या, असं त्यांनी मला कळवलं. कालच्या मीहा.

म्हणून मला ‘आपला’ शब्द खटकतो. आपण त्याच्यावर सांगतो तो हक्क शाळेच्या पटाचा आहे. तो हयात असताना क्वीन भारतात कधी वाजवायला आले नाहीत, आणि तोही पाचगणीबद्दल जाहीरपणे फारसं बोलला नाही. त्याची कारणं त्याची. त्याने आपल्याला नाकारलं असा सूर काही जण लावतात, तोही मला मान्य नाही. आठव्या वर्षी आईबापांपासून समुद्रापलीकडे पाठवलेल्या मुलाने त्या वर्षांबद्दल गप्प राहायचं ठरवलं, तर त्याला जाब विचारणारे आपण कोण?

पण हे सगळं लिहीत असताना मला माझ्याच म्हणण्यातली एक चूक सापडली. त्याच्या चरित्रांतून एक आठवण येते. शाळेत त्याने मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता, १९५८ च्या सुमाराला. तो पियानो वाजवायचा. शाळेच्या कार्यक्रमांत हा बँड उभा राहिला की शेजारच्या मुलींच्या शाळेतून आलेल्या मुली पुढे उभ्या राहून किंचाळायच्या. पाचगणीत. बुदोकानच्या सतरा वर्षं आधी. त्या मुलींनाही तेव्हा कुणीतरी ‘काय हा थिल्लरपणा’ म्हटलंच असणार. आज त्या ऐंशीच्या आसपास असतील. त्यांनी ‘आपला फ्रेडी’ म्हटलं तर मी मान खाली घालून ऐकेन. त्यांनी त्याला ऐकलेलं आहे. हा शब्द त्यांचा आहे.

हे मी काकूंना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, “त्या मुली काय ऐकत होत्या? तो काय वाजवायचा?” मी चरित्रांत वाचलेलं सांगितलं : त्या काळचा रॉक अँड रोल, रेडिओवरून कानाने उचललेला. “म्हणजे आमच्या आधी त्या,” काकू म्हणाल्या. त्यांना त्याचा आनंद झाला होता, आवाजावरून कळत होतं.

तर यंदा ५ सप्टेंबरला फोटो पाठवायचा नाही, असं मी ठरवलंय. वाईला आमच्या घरी माडीवर संध्याकाळी सहा वाजता ‘शीअर हार्ट अटॅक’ पहिल्यापासून शेवटपर्यंत लावणार आहे, मध्ये न थांबता, न बोलता. ओकायामाहून निघताना काकूंनी मला त्यांच्याकडची एक प्रत दिली, तीच. ज्यांना यायचंय त्यांनी कळवा, विशेषतः मुलींनी. सतरंज्या आहेत, चहा आहे. काकूंना ही तारीख सांगितली तर त्यांनी एकच सूचना केली आहे : बाजू उलटायला उठाल तेव्हा दिवा लावू नका.